टक्के देणारा देश

४ मार्च १९९६

जाईचा ओ-लेव्हलचा, म्हणजे सिंगापूरच्या दहावीचा, निकाल लागला. उत्तम. माझ्या अपेक्षेप्रमाणे.

आता पुढे काय, हा प्रश्न. सुरेखाचं म्हणणं, मैत्रिणींबरोबर इथल्याच ज्युनियर कॉलेजला जाऊ दे. जाई काही म्हणाली नाही, म्हणजे तिचंही तेच. मी दोघींना शांतपणे सांगितलं की असे निर्णय घाईने घ्यायचे नसतात. दोन्ही बाजू तपासायच्या, तुलना करायची, मग ठरवायचं. कॅनडा ठरवलं आहे. तुलना उद्यापासून.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. पुढेमागे जाईला आभार मानावेसे वाटले तर तारखा हाताशी असाव्यात, एवढंच.

१० मार्च

बिशानहून बस बदलत बुकित पंजांगला, शशिकांतकडे. शशिकांत पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, सिंगापुरात आल्यापासूनचा माझा मित्र. त्याचा यश जाईच्याच वयाचा आणि इथल्या अमेरिकन शाळेत. त्यामुळे शशिकांत अमेरिकेबद्दल असं बोलतो की जणू तिथले सगळे प्राध्यापक त्याला विचारून पेपर काढतात.

मी त्याला साधा प्रश्न विचारला. यशला टक्के किती? म्हणाला, टक्के नसतात, जीपीए असतो, तीन पॉइंट सात. चारपैकी. आता तीन पॉइंट सात म्हणजे काय? फर्स्ट क्लास का डिस्टिंक्शन? त्याला सांगता येईना. उद्या पुण्याहून दादाचा फोन आला तर त्याला मी काय सांगू, पोरगी तीन पॉइंट सात झाली?

कॅनडात, म्हणजे ओंटारिओत, चक्क टक्के देतात. युनिव्हर्सिटी शेवटच्या वर्षाचे सहा विषय बघते आणि प्रवेश देते. स्वच्छ कारभार. शशिकांत म्हणाला, अमेरिका पूर्ण माणूस बघते, खेळ, निबंध, समाजसेवा. मी म्हणालो, पूर्ण माणूस बघायला ते काय स्थळ आहे?

रत्नावहिनी हसल्या. यशही हसला. हुशार मुलगा आहे.

२३ मार्च

आज इथल्या दोन्ही शाळांची, कॅनेडियन आणि अमेरिकन, तपासणी. मी पंधरा वर्षं जहाजांवर काढली, चीफ इंजिनियर होतो, आता कंपनीचा सुपरिंटेंडेंट म्हणून तीच जहाजं तपासतो. जहाज कसं आहे ते कॅप्टनच्या केबिनमध्ये कळत नाही, ते खाली पंपांपाशी कळतं. शाळेचंही तसंच.

कॅनेडियन अभ्यासक्रमाच्या शाळेतल्या केअरटेकरने मला पाण्याचे पंप दाखवले. ग्लँडमधून एक थेंब गळत नव्हता. मोटरवर धूळ नव्हती. अमेरिकन शाळेतल्या गार्डने विचारलं, पंप कशाला बघायचेत, आणि मला फाटकाशी उन्हात उभं केलं.

जाई टॅक्सीतून उतरलीच नाही. उन्हाचा त्रास होतो तिला.

निकाल स्पष्ट आहे. शिवाय अनुभव आहेच. व्हँकुव्हरला जहाज दोन दिवस होतं तेव्हा बंदराच्या पायलटने मला लोकरीची टोपी दिली होती. ह्यूस्टनला एका इन्स्पेक्टरने माझं बिल्ज सेपरेटर, म्हणजे तळातल्या पाण्यातून तेल वेगळं करणारं यंत्र, तीनदा उघडायला लावलं. देश असे कळतात.

१९ ऑगस्ट १९९६

जाई कॅनेडियन शाळेत रुजू. दोन वर्षं इथे, मग ओंटारिओत इंजिनियरिंग. सकाळी तिच्याबरोबर MRT स्टेशनपर्यंत गेलो. वाटेत चार मुद्दे सांगितले. ती म्हणाली, ओके लाह बाबा. उत्साह दिसला.

२२ सप्टेंबर १९९६

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माझं भाषण. विषय: युनिव्हर्सिटीच्या तयारीसाठी कॅनेडियन शाळा बरी की अमेरिकन. मंडळाच्या सेक्रेटरी मेधाताईंनी दहा मिनिटं दिली होती. विषयाच्या गरजेनुसार थोडी वाढली. आरती जरा उशिरा झाली, पण कुणी तक्रार केली नाही. निदान माझ्याकडे नाही.

शशिकांत समोर बसायला हवा होता. तो सगळा वेळ मागे जाईला प्रसादाचे द्रोण भरायला मदत करत काहीतरी बोलत उभा. ऐकायची हिंमत नाही.

यश मात्र शेवटपर्यंत बसला. नंतर येऊन प्रश्नही विचारले. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला समुद्र आहे का, थंडी किती, तिथे आपली माणसं किती. मी म्हणालो, आपलं जवळजवळ कुणीच नाही. त्याने मान डोलावली. बापाच्या आग्रहापायी बिचाऱ्याचं नुकसान होतंय.

१४ जानेवारी १९९७

आज जबर धक्का बसला.

पालकसभेत सहज विचारलं की शेवटच्या वर्षाची बोर्डाची परीक्षा कधी असते. तिचे गणिताचे शिक्षक मिस्टर डॉयल म्हणाले, बोर्ड नाही. मग पेपर कोण काढतो? मी काढतो. तपासतो कोण? मीच तपासतो. आणि युनिव्हर्सिटी ते टक्के मानते? मानते.

म्हणजे ज्याने शिकवलं तोच पेपर काढणार, तोच तपासणार. बाहेरचा परीक्षक नाही, नंबर नाही, सीट नाही, उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून परगावी जाणं नाही. ज्या देशावर मी जाहीर भाषण केलं त्याने मला ही गोष्ट सांगू नये? फसवणूक झाल्यासारखं वाटलं. सुरेखा म्हणाली, अहो, कॅनडाने तुम्हाला काय काय सांगायला हवं होतं?

सायंकाळी विचार केला. ज्या देशात बोर्डाची गरजच पडत नाही, तो किती प्रामाणिक असेल. मुद्दा उलट आपल्याच बाजूचा आहे. शशिकांतला मात्र एवढ्यात सांगायचं नाही.

१५ जानेवारी

शशिकांतला माहीत आहे. फोनवर हसला. घरातली ही बातमी बाहेर कोण नेतं?

६ एप्रिल १९९७

शशिकांतकडे पुन्हा वाद. मी म्हणालो, अमेरिकेची SAT ही काय परीक्षा आहे, चार पर्यायांतून गोल काळा करायचा. माकडही पास होईल. तो म्हणाला, पर्याय पाच असतात, आणि पुस्तक देतो, तू सोडवून दाखव. घेतलं पुस्तक.

१२ एप्रिल

SAT दिली. डायनिंग टेबलावर, घड्याळ लावून. जाईला पर्यवेक्षक केलं.

गणित उत्तम. इंग्रजी शब्दांचा विभाग तसा सोपा होता. उत्तरं मात्र पुस्तकाशी जुळेनात. पुस्तकाच्या मागच्या उत्तरांत छपाईच्या भरपूर चुका आहेत, माझ्या मोजणीने निम्म्याहून जास्त. असल्या पुस्तकांवर अमेरिकेतली मुलं कशी शिकत असतील.

जाई म्हणाली, बाबा, राहू दे पुस्तक, मी चुका तपासते. शहाणी पोर. माझा मान राखला. पुस्तक तिच्या खोलीत ठेवलं.

२४ जुलै १९९७

टक्के आले. सरासरी ब्याण्णव. दादाला फोन केला. त्याला लगेच कळलं. टक्क्यांचं हे असतं.

जाईला विचारलं नाही, पण आनंदात दिसली. हल्ली रविवारी यशकडे बॅडमिंटनला जाते.

२६ सप्टेंबर १९९७

इंडोनेशियातल्या जंगलांचा धूर सगळीकडे. समोरचा ब्लॉक दिसत नाही. घसा धरला आहे. पण आजचं काम टाळण्यासारखं नव्हतं.

स्कॉलरशिपसाठी शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. आपल्याकडची पद्धत मला ठाऊक आहे. सर कामात असतात, त्यांना त्रास द्यायचा नसतो. आपणच पत्र लिहून न्यायचं, सर सही करतात, आपण पेढे देतो. माझ्या पहिल्या नोकरीचं शिफारसपत्र मी असंच स्वतः लिहिलं होतं. त्यात माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं.

तर जाईचं पत्र मी ऑफिसात टाइप केलं. सर्व्हे रिपोर्टचीच सवय, त्यामुळे भाषा नेमकी झाली. वय, बांधणी, मागील तपासण्यांचे निकाल. सर्व विभाग फाउंड इन गुड वर्किंग ऑर्डर. लोड वाढवला तरी तापमान वाढत नाही. पुढील चार वर्षांच्या सेवेस योग्य. खाली सहीसाठी जागा सोडून डॉयलचं नाव.

डॉयलला नेऊन दिलं, बरोबर बाकरवडीचा पुडा. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला की या पत्रावर त्याला सही करता येणार नाही, तो स्वतः लिहील, आणि ते मला दाखवता येणार नाही. मी म्हणालो, निदान तांत्रिक भाग तरी तसाच ठेवा. तो नाही म्हणाला. बाकरवडीही परत केली. मुलीचं पत्र आणि बापाने बघायचं नाही? मी काय तिऱ्हाईत आहे?

वाईट म्हणजे जाई दारातच उभी होती. डॉयलने तिला विचारलं, हे तू वाचलंस का. तिने मान हलवली आणि बाहेर गेली.

२७ सप्टेंबर

जाई बोलत नाही. धुरामुळे घसा धरला असणार.

३ ऑक्टोबर

घसा अजून तसाच. सुरेखाशी बोलते, फोनवर बोलते, माझ्याशी नाही. सुरेखा म्हणाली, पोरीला जहाज केलंत तुम्ही. मी म्हणालो, अगं, एकही दोष नसलेलं जहाज केलं. तिला तांत्रिक बाबी समजत नाहीत.

जाईच्या दाराशी जाऊन सांगितलं की पत्रात काही राहून गेलं असेल तर दुसरं लिहितो. आतून नको म्हणाली. एक शब्द का होईना, बोलली.

१ नोव्हेंबर १९९७

दिवाळीचा दिवस, आणि जाई सकाळी सात वाजता यशकडे बॅडमिंटनला. एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात पेन्सिली. पेन्सिली कशाला विचारलं तर म्हणाली, स्कोअर लिहायला. खेळात नोंदी ठेवण्याची ही सवय तिने माझ्याकडूनच घेतली आहे.

दुपारी परत आली. कोण जिंकलं विचारलं. म्हणाली, डिसेंबरमध्ये कळेल. मोठी टूर्नामेंट असावी.

२५ जानेवारी १९९८

ओंटारिओतल्या तीन युनिव्हर्सिट्यांना अर्ज गेले. सगळे अर्ज मी भरले, जाईने सह्या केल्या. तक्रार नाही, वाद नाही. आमच्यातलं ते पत्राचं प्रकरण आता मिटलं आहे. गेल्या दोन वर्षांत मी जे सांगत होतो ते तिच्या मनात उतरलं, हे तिच्या गप्प बसण्यावरूनच कळतं.

ऑफिसात कपात होणार अशी कुजबुज आहे. सगळ्या आशियाचंच बिनसलंय. माझं लक्ष नाही त्याकडे. जाई मार्गी लागली की झालं.

१२ एप्रिल १९९८, सकाळ

संध्याकाळी शशिकांत, रत्नावहिनी आणि यश येणार आहेत. पेढे घेऊन येतोय म्हणाला. यशला अमेरिकेत प्रवेश मिळाला असणार. मी ठरवलं आहे, मनापासून अभिनंदन करायचं. टोमणा मारायचा नाही. जीपीएचा विषयच काढायचा नाही.

१२ एप्रिल, रात्र

सगळं जसं झालं तसं लिहितो.

शशिकांत आला तो पडलेला चेहरा घेऊन. मी हात पुढे केला, म्हणालो, कुठली युनिव्हर्सिटी? कॅलिफोर्निया का? यश म्हणाला, काका, हॅलिफॅक्स.

कॅनडा. शशिकांतचा मुलगा कॅनडाला. दोन वर्षं अमेरिकन शाळा, SAT, समाजसेवा, सगळं करून शेवटी माझ्या देशात. मी शशिकांतच्या पाठीवर थाप मारली. टोमणा मारला नाही. फक्त म्हणालो की मंडळातलं भाषण वाया गेलं नाही म्हणायचं. एवढंच म्हणालो.

मग रत्नावहिनींनी दुसरा पेढा काढून जाईला भरवला. म्हणाल्या, आणि हा तुझा.

मी विचारलं, जाईला कशाबद्दल? कॅनडाची पत्रं अजून यायची आहेत.

सुरेखा पंख्याकडे बघत होती. रत्नावहिनींचा हात तसाच वर राहिला. यश म्हणाला, ओह शिट, अंकल डझंट नो. मग शशिकांतच म्हणाला, मनोहर, बस जरा.

मिनेसोटा. स्कॉलरशिपसकट. SAT तिने नोव्हेंबरात दिली, ते बॅडमिंटन. अभ्यास त्याच पुस्तकातून, जे मी स्वतः बसमधून मांडीवर धरून घरी आणलं. निबंध शशिकांतने तपासले. पत्र डॉयलने लिहिलं. जिथे पालकांची सही लागली तिथे सुरेखाने केली. अख्ख्या बुकित पंजांगला माहीत होतं.

माझ्या घरात, माझ्या नाकाखाली. आणि शशिकांत. कॅनडाला रोज नावं ठेवणारा तो, त्याच्यावर माझा राग नव्हता, तो तर विरोधकच होता. पण सुरेखा? वीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली नाही. लपवण्यासारखं काही घडलंच नाही ही गोष्ट वेगळी.

मी पेढा खाल्ला नाही.

१३ एप्रिल

ऑफिसला गेलो नाही. सकाळी जाई माझ्या शेजारी येऊन बसली. मी ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही. तिला विचारलं, अमेरिकेत असं काय आहे जे कॅनडात नाही? मुद्देसूद सांग.

तिने बराच वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "बाबा, कॅनडातलं तुम्हाला सगळं माहितीये. अमेरिकेतलं काहीच माहीत नाही. म्हणून."

मी विचारलं, आणि यश? ती म्हणाली, त्याचं पण सेम लाह. काकांचे निम्मे मित्र तिकडे अमेरिकेत आहेत.

मी म्हणालो, कोण म्हणतं मला अमेरिकेतलं माहीत नाही, आणि तिला मिनेसोटाचं हवामान, सेमिस्टरची पद्धत आणि क्रेडिट कसे मोजतात ते सांगायला लागलो. ती उठून आत गेली. सुरेखा स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, आता तरी.

आता तरी काय, ते बोलली नाही.

मला फार वाईट वाटलं. कुणाला सांगणार? शशिकांतला सांगितलं असतं.

१९ एप्रिल

शशिकांतचा फोन. मी घेतला नाही. पुन्हा आला तेव्हा घेतला. त्याने पडेल आवाजात विचारलं की हॅलिफॅक्सला कोट कुठल्या जाडीचा लागतो. मी सांगितलं. मग म्हणाला, मन्या, माझ्या घरातही मला कुणी विचारलं नाही रे. मी म्हणालो, तुझी गोष्ट वेगळी आहे, तू चुकत होतास.

३ जून १९९८

ओंटारिओची तिन्ही पत्रं आली. तिन्हीकडे प्रवेश. टक्क्यांवर. मी ती सुरेखाला दाखवली. ती म्हणाली, बरं झालं. मग भाजी चिरायला लागली.

दादाला अजून मिनेसोटा सांगितलेलं नाही. उत्तर अमेरिका असं मोघम सांगितलं आहे.

२२ ऑगस्ट १९९८

चांगी विमानतळ. जाई गेली. मी तिच्यासाठी लोकरीची टोपी घेतली होती, साधी, इथल्याच दुकानातली. तिने पर्समध्ये ठेवली. मी भाषण केलं नाही. चार मुद्दे होते मनात, पण सुरेखाने दंड घट्ट धरला होता, आणि तसंही घशाशी काहीतरी आलं होतं. धूर या वर्षी नाही.

घरी आलो. निर्धार: तिच्या फोनमध्ये आपण काहीही शिकवायचं नाही. फक्त विचारायचं.

६ सप्टेंबर १९९८

रविवार सकाळी फोन वाजला. सुरेखा आंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला. जाई. म्हणाली, आई आहे?

मी सांगितलं, येईलच, तोवर बोल. मग मी तिला विचारलं, तिथे आता किती वाजलेत. मला माहीत होतं. एक जादा घड्याळ मी मिनेसोटाच्या वेळेवर लावून माझ्या टेबलावर ठेवलं आहे.

ती म्हणाली, शनिवारची रात्र. मी म्हणालो, अस्सं. आणि शिकवतात कसं? मला तिकडचं काही माहीत नाही.

मग ती बोलायला लागली. क्लास, प्रोफेसर, रूममेट, कॅफेटेरियातला भात. शाळेत डॉयल सरांकडे एवढं कॅल्क्युलस झालंय की पहिलं सेमिस्टर तिला सोपं जातंय. इतकं ती माझ्याशी चार वर्षांत बोलली नव्हती. क्रेडिटचं एक ती साफ चुकीचं सांगत होती. मी बोललो नाही. टेबलाची कड धरून उभा राहिलो, पण बोललो नाही. म्हणालो, मग पुढे? आणि ती आणखी सांगत राहिली. मला वाटलं, झालं, आता जमलं.

शेवटी म्हणाली, बाबा, खरं सांगू, सगळं अगदी शशीकाकांनी सांगितलं होतं तसंच आहे.

सुरेखा बाहेर आली. मी फोन तिच्याकडे दिला.